कुंपणाआडच्या इसमाबद्दल खुलासा

क्रिस्तियानसुंद,
गुरुवार. पाऊस.

तीर्थरूप सासरेबुवा,

जावई शेटिलचा टोपी काढून नमस्कार. तुम्ही खुशाल असाल, तुमचा उजवा गुडघा नेहमीप्रमाणे रेडिओच्या आधी हवामान सांगत असेल आणि बोटीचं इंजिन पहिल्या झटक्याला सुरू होत असेल, अशी आशा करतो. (होत नसेल तर त्याच्यावर डाफरू नका. ते इंजिन आणि मी एकाच वर्षी जन्मलो आहोत, आणि हल्ली सकाळी मलाही दोन-चार झटके द्यावे लागतात.) इकडे आम्ही सगळे मजेत. तुमची नात रागना गुटगुटीत आहे. तुम्ही पाठवलेलं माशाचं तेल ती रोज चमचाभर घेते आणि त्यातलं निम्मं माझ्या शर्टावर परत करते, त्यामुळे आम्हा दोघांचीही हाडं मजबूत होत चालली आहेत. तुमची लेक सिल्ये गेल्या आठवड्यात हेलिकॉप्टरने समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला गेली, ती येत्या गुरुवारी परत येईल. तिनेही तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. (सांगितलेला नाही. हे पत्र मी लिहितोय हे तिला माहीत नाही. पण माहीत असतं तर सांगितला असता.)

आता तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर फोन करायचा. सासरेबुवा, राग मानू नका, पण तुम्ही फोन कानापासून हातभर लांब धरता, 'हं, हं, बरं आहे' म्हणता आणि समोरच्याचं वाक्य क्रियापदापर्यंत पोचायच्या आत ठेवून देता. ईस्टरला मी तुम्हाला रागनाला पहिला दात आल्याचं कळवलं, तर 'मग डॉक्टरला दाखव' एवढं बोलून तुम्ही फोन बंद केलात. म्हणून हे पत्र. ते मी टपालपेटीत न टाकता जलद बोटीच्या कप्तानाच्या हातात देणार आहे, कारण ते तुमचा मित्र आर्नुल्फ याच्या आधी तुमच्या स्म्योला बेटावर पोचलं पाहिजे.

आर्नुल्फ आमच्याच गल्लीत राहतो हे तुम्हाला माहीत आहे. येत्या शनिवारी तो नेहमीसारखा मासे धरायला तुमच्याकडे येईल, तुमच्या स्वयंपाकघरात बसेल, दुसरा कप कॉफी ओतून घेईल आणि सांगेल. तो काय सांगेल हेही मला ठाऊक आहे. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि काल दुपारपासून त्याची ती बातमी मासळीवाल्याला, टपालवाल्या बाईंना आणि खुद्द मलाही सांगून झाली आहे. (मी त्याला थांबवत होतो, पण सांगण्यात रंगला की समोर कोण उभं आहे हे तो बघत नाही.) तो म्हणेल, "ओड्वार, तुझ्या जावयाला पोलिसांनी बालवाडीमागच्या झुडपात पकडलं." यात तीन चुका आहेत. झुडूप नव्हतं, कुंपण होतं. पकडलं नाही, उभं केलं, कारण मी बसलेलो होतो. आणि 'पोलीस' म्हणजे एकच बाई होत्या, त्याही ओळखीच्या. बाकी बातमी बरोबर आहे.

पण असं मधूनच सांगितलं तर तुमचा गैरसमज व्हायचा, म्हणून पहिल्यापासून सांगतो. वसंतात सिल्येची बाळंतपणाची रजा संपली आणि माझी बापपणाची सुरू झाली, तेव्हा आपण तुमच्या अंगणात बसलो होतो. तुम्ही जाळं दुरुस्त करत होता आणि मान वर न करता विचारलंत, "म्हणजे बायको समुद्रावर आणि तू घरी? मग दिवसभर करणार काय, दाढी वाढवणार?" मी हसलो, कारण माझा बेत पक्का होता. बाळं पुष्कळ झोपतात असं मी ऐकून होतो. ती झोपली की मी जिना रंगवणार होतो, अकॉर्डियन शिकणार होतो आणि वेळ उरलाच तर इटालियन. आज आमच्या जिन्याच्या खालच्या पायऱ्या निळ्या आहेत, वरच्या होत्या तशाच आहेत आणि अकॉर्डियनच्या पेटीत ओटची लापशी वाळली आहे. इटलीशी आमचा अद्याप संबंध आलेला नाही. दाढी मात्र वाढली. तेवढं तुमचं खरं ठरलं.

मूल झालं की झोप जाते, हे सगळेच सांगतात. बाकी काय काय जातं हे कोणी सांगत नाही, बहुधा सांगितलं तर कोणी या फंदात पडणार नाही म्हणून. उदाहरणार्थ, बोलणं जातं. पूर्वी मी आणि माझे मित्र गाड्यांवर बोलायचो, फुटबॉलवर बोलायचो, नवीन बोगदा बांधला तो कुठे चुकला यावर बोलायचो. या उन्हाळ्यात आम्ही चार-पाच बाप बंदराकाठी बाबागाड्या ढकलत तासन्‌तास हिंडलो आणि एकमेकांच्या मुलांना शी कशी होते याखेरीज कशावरही बोललो नाही. त्यातला एक तर जहाजांचा इंजिनीअर आहे. तो ते हातांनी करून दाखवायचा. त्याहून वाईट म्हणजे, मी लक्ष देऊन ऐकायचो आणि घरी येऊन सिल्येला फोनवर सांगायचो. ती विहिरीवर शिफ्टची मुकादम. शेजारी उभी असलेली माणसं काय म्हणत असतील कोण जाणे.

आणि माझी तर धंद्यामुळे आणखीच पंचाईत. तुम्ही माझ्या धंद्याला 'दुसऱ्याच्या गाडीत बसून ओरडणं' म्हणता, तरी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, हे तुम्हाला माहीत असेल. इतकी वर्षं मी त्या ब्रेकच्या जिवावर शांत आहे. समोरून ट्रक येवो, शिकाऊ माणूस डोळे मिटून घेवो, मी आवाज चढवत नाही. पण रागना सोफ्याला धरून उभी राहिली आणि टेबलाच्या कोपऱ्याकडे निघाली की माझा उजवा पाय आपोआप जमीन दाबतो. जमीन दाबून काही होत नाही. टेबलाचा कोपरा तिथेच असतो, मुलगी तिथेच जाते आणि मग रडते, आणि मी तिला उचलून घेऊन तिच्यापेक्षा जास्त वेळ थरथरत बसतो. घरातल्या चटईला त्या जागी भोक पडलंय.

फायदा विचाराल तर एकच सांगतो, आणि तोही हळू आवाजात, कारण आमच्या गल्लीत असं मोठ्याने बोलत नाहीत. जूनमध्ये एकदा रागना काही केल्या झोपेना. गाणी संपली, खुळखुळे संपले, तुमचं ते कोळ्यांचं गाणंही म्हणून झालं (त्याने ती जास्तच जागी झाली). शेवटी माझ्या तोंडून जे वर्षानुवर्षं बाहेर पडतं तेच बाहेर पडलं. "चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं." तिने माझ्याकडे बघितलं. "वर्तुळात शिरताना वेग कमी ठेवावा." तिच्या पापण्या जड झाल्या. बोगद्यात ओव्हरटेक करण्याच्या कलमापर्यंत ती गाढ झोपली होती. तेव्हापासून रोज दुपारी मी बाबागाडी ओसरीवर लावायचो, शेजारी बसायचो आणि वाहतुकीचे नियम म्हणायचो. लोकरीच्या टोपीतून तिचं नाकाचं टोक तेवढं दिसायचं. ती माझ्याशिवाय झोपूच शकत नाही, अशी माझी समजूत झाली. मला ती समजूत फार आवडली होती, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

तर गेल्या सोमवारी रागनाची बालवाडी सुरू झाली. आमच्याकडे पहिले काही दिवस मुलाला सरावायला म्हणून बाप किंवा आईने सोबत राहायचं असतं, तसा मी गेलो. बालवाडीच्या मुख्य बाई ब्योर्ग. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण त्या बोलल्या की मोठी माणसंसुद्धा बूट काढून रांगेत उभी राहतात. त्यांनी मला कोपऱ्यातली एक खुर्ची दाखवली. खुर्ची मुलांची होती. "रागनाचे बाबा, इथे बसायचं. खेळायचं नाही, हाका मारायच्या नाहीत, हसवायचं नाही. जितकं कंटाळवाणं बसता येईल तितकं बसा, म्हणजे पोर आपणहून आमच्याकडे येईल." मी म्हटलं, "बाई, ती अशी सहजासहजी जायची नाही हो. आमचं दोघांचं फार मेतकूट आहे." आणि गुडघे हनुवटीला टेकवून बसलो. रागनाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या लाल बादलीकडे पाहिलं आणि ती रांगत बादलीकडे गेली. ती परत आलीच नाही. इतर मुलं आयांच्या पायाला मिठ्या मारून रडत होती. त्या आया माझ्याकडे बघून म्हणत होत्या, "किती हो शहाणी तुमची! तुम्ही काय केलंत?" काय केलं म्हणजे? रात्रंदिवस सांभाळलं, तेवढंच केलं.

मंगळवारी निघायची सवय. त्याचा नियम साधा आहे आणि तो ब्योर्गबाईंनी सगळ्यांना एकदम सांगितला. मुलाकडे जायचं, त्याच्या डोळ्यांत बघून 'येते हं' किंवा 'येतो हं' म्हणायचं आणि निघायचं. घुटमळायचं नाही. पण पोर खेळात आहे म्हणून न सांगता हळूच सटकायचं तर मुळीच नाही. "न सांगता गेलात," त्या म्हणाल्या, "की पोराला वाटतं, माणसं अशीच नाहीशी होतात. मग ते खेळत नाही, नुसतं दाराकडे बघत बसतं." मला हे शिकवायची काय गरज? जो माणूस रोज आठ जणांना सांगतो, की आरशात एकदा बघा, दिवा दाखवा आणि निघा, अडखळत निघणारा स्वतः मरतो आणि दुसऱ्यालाही मारतो, त्याला निघता येत नाही का? मी रागनाकडे गेलो, डोळ्यांत बघितलं, 'येतो हं' म्हटलं. तिने बादली आपटली. मी निघालो.

दारापर्यंत गेल्यावर आठवलं, की जास्तीचे लोकरी मोजे पिशवीत द्यायचे राहिले. ते देऊन आलो. मग वाटलं, रेनकोटाच्या बाहीचं रबर तिच्या मनगटाला काचत असेल. ते बघून आलो. (ती आत होती, रेनकोट बाहेर खुंटीला होता, हे खरं. पण बाहेर निघाली की काचलं असतं.) तिसऱ्या वेळी मी कशाला परत आलो ते मला स्वतःलाच सांगता येईना, म्हणून ब्योर्गबाईंनी विचारायच्या आत मी ओल्या कपड्यांच्या खोलीत शिरलो आणि कपडे वाळवायच्या कपाटाआड उभा राहिलो. तिथून आतल्या खोलीचा एक कोपरा दिसतो. बादली दिसत होती, अधूनमधून रागनाचा हातही दिसत होता. अंगाशी गरम हवा येत होती, पन्नासेक चिमुकले मोजे वाळत होते. तसं मला तिथे काही कमी नव्हतं. पण मोठ्या वर्गातली एक मुलगी मोजा शोधत आली. तिने मला खालून वर आणि वरून खाली बघितलं आणि मग घशात होता नव्हता तेवढा आवाज काढून विचारलं, "ब्योर्ग! रागनाचे बाबा वाळत का ठेवलेत?"

ब्योर्गबाई आल्या. त्या रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट. मला कॉफी दिली आणि म्हणाल्या, "हे बघा रागनाचे बाबा, उद्यापासून आतल्या दारापर्यंत यायचं, पोर आमच्या हातात द्यायचं आणि घरी जायचं. जिना रंगवायचा राहिलाय म्हणाला होतात ना?" मी हो म्हटलं. आणि बुधवारी, म्हणजे काल, मी शब्द पाळला. रागनाला आतल्या दारात दिलं, 'येतो हं' म्हटलं, घरी गेलो, रंगाचा डबा उघडला. एक पायरी रंगवलीही. मग दुपार झाली आणि मी घड्याळाकडे पाहिलं. झोपायची वेळ! बालवाडीची पोरं मागच्या अंगणात छपराखाली बाबागाड्यांत झोपतात. तिला नियम कोण म्हणून दाखवणार? ब्योर्गबाईंना बोगद्याचं कलम येतं का? मी कुठे आत जायचं म्हणत होतो? कुंपणाबाहेरची पाऊलवाट तर नगरपालिकेची आहे.

कुंपण लाल फळांच्या झाडांचं, दाट. पलीकडे छपराखाली बाबागाड्यांची रांग, आणि तिच्या या टोकाला आमची काळी बाबागाडी, माझ्यापासून हातभर. आतून कुरकुर ऐकू येत होती. मी कोट डोक्यावर ओढला (पाऊस होता, आर्नुल्फ म्हणेल तोंड लपवायला, पण पाऊस होता), उकिडवा बसलो आणि फांद्यांत तोंड घालून हळू आवाजात सुरू केलं. "चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं. वर्तुळात शिरताना वेग कमी ठेवावा." कुरकुर कमी झाली. सासरेबुवा, त्या क्षणाला मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. ती माझा आवाज ओळखते! मी बर्फावर थांबायचं अंतर सांगितलं, शाळेजवळचा वेग सांगितला, घाटात वर येणाऱ्याचा हक्क सांगितला. बोगद्यापाशी आलो तेव्हा कुरकुर पूर्ण थांबली होती. आणि नेमक्या त्याच वेळी आर्नुल्फच्या कुत्र्याने माझ्या कोटाची मागची बाजू दातांत धरली.

आर्नुल्फचं चुकलं असं मी म्हणत नाही. बालवाडीच्या कुंपणात तोंड घालून, कोट डोक्यावर घेऊन, झोपलेल्या मुलांना उद्देशून काहीतरी पुटपुटणारा दाढीवाला इसम मी पाहिला असता तर मीही पोलिसांना बोलावलं असतं. पोलीस बाई आल्या, म्हणाल्या, "उभे राहा." मी उभा राहिलो, कोट खाली घेतला. त्या म्हणाल्या, "अय्या, सर! तुम्ही?" आर्नुल्फ म्हणाला, "अरेच्चा, हा तर ओड्वारचा जावई!" आणि कुत्र्याने कोट सोडला. त्या बाई तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे शिकल्या होत्या. पहिल्या परीक्षेत नापास झाल्या, कारण हिरवा दिवा लागला तरी निघेचनात, आणि मी त्यांना खूप ऐकवलं होतं. त्यांनी वही काढली, खाली ठेवली, पुन्हा काढली. "सर, इथे काय करत होता म्हणून लिहू?" मी म्हटलं, "नियम सांगत होतो." त्या म्हणाल्या, "कोणाला?" मी बाबागाडीकडे बोट दाखवलं.

एवढ्यात गलबला ऐकून ब्योर्गबाई अंगणातून कुंपणापाशी आल्या होत्या. त्यांनी बाबागाडीची झडप वर केली. आत एक गोरापान, गोल चेहऱ्याचा मुलगा तोंड उघडं टाकून झोपला होता. मी त्याला जन्मात पाहिलेलं नव्हतं. गाडी आमच्यासारखीच, पण आमची नाही. "अहो," ब्योर्गबाई थक्क होऊन म्हणाल्या, "हा तर आल्यापासून एकदाही झोपला नव्हता. काय केलंत?" मी विचारलं, "रागना कुठाय?" त्यांनी रांगेच्या दुसऱ्या टोकाकडे हात केला. "ती केव्हाच झोपली की. कालही अशीच झोपली. आपण ठेवलं की झोपते. काही म्हणावं लागत नाही तिला."

काही म्हणावं लागत नाही. सासरेबुवा, मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. आपली मुलगी रडत नाही, झोपते, खेळते, परक्यांच्या हातून जेवते, हे ऐकून ज्या बापाला आनंद होत नाही तो काय बाप म्हणायचा? मला आनंदही झाला, पण तो खूप मागे उभा होता आणि पुढे यायला वेळ लागला. मी शिकवणीच्या गाडीत जाऊन बसलो, शेजारच्या सीटवर, सवयीने, आणि ब्रेकवर पाय ठेवून रडलो. पाऊस होता म्हणून बाहेरून दिसलं नसेल. (आर्नुल्फला दिसलं असेल तर तो सांगेलच.) मुलं मोठी होतात म्हणून आई-बाप रडतात, हे मी ऐकलं होतं. पण तिला अजून धड चालताही येत नाही हो. एवढ्यात कसली मोठी झाली?

संध्याकाळी रागनाला घ्यायला गेलो तेव्हा ब्योर्गबाईंनी निकाल सांगितला. सोमवारी मला कामावर रुजू व्हायचंय, आणि मी असाच वागत राहिलो तर माझे शिकाऊ विद्यार्थी चौकात उभे आणि मी कुंपणात बसलेला, असं होईल. तेव्हा सोमवारपासून आठवडाभर रागनाला पोचवायला मी यायचं नाही. घरचं दुसरं कोणीतरी यावं. मी म्हटलं, बायको विहिरीवर आहे. त्या म्हणाल्या, "मग आजोबा नाहीत का?" मी म्हटलं, आहेत, पण त्यांचं बालवाडीबद्दल जरा वेगळं मत आहे. त्या म्हणाल्या, "असू दे. बूट बाहेर काढून या म्हणावं."

हा एवढाच खुलासा. आर्नुल्फ आला की त्याला कॉफी द्या, पण त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका. गुडघ्याला जपा. तुमच्या मांजरीला माझ्यातर्फे थोडा मासा द्या. कळावे, लोभ आहे तो कुत्र्यासह सगळ्यांना पुरून उरावा, ही विनंती.

आपला आज्ञाधारक (निदान ब्योर्गबाईंचा तरी)
शेटिल

ता. क. : तुमच्या लक्षात आलंच असेल, पण तुम्ही पत्रंही फोनसारखीच शेवटाआधी ठेवून देता म्हणून स्पष्ट लिहितो. रविवारच्या बोटीने या. सोमवारपासून रागनाला तुम्ही पोचवायचं आहे. काम सोपं आहे. पोर बाईंच्या हातात द्यायचं, 'येतो हं' म्हणायचं आणि निघायचं. माझी खोली तुम्हाला देतो, मी जिन्यात झोपतो. वरच्या पायऱ्या अजून कोरड्या आहेत.

ता. क. २ : वरचं खरं नाही, म्हणजे पूर्ण खरं नाही. रागनाला पोचवायला शेजारच्या रांदीआजी तयार आहेत, त्यांनी गेल्या सोमवारीच 'मी पोचवू का?' म्हणून विचारलं होतं. ते काम होऊन जाईल. तरीही तुम्ही या. कारण असं, की काल मी हे सगळं सिल्येला फोनवर सांगितलं. ती खो खो हसली. मग म्हणाली, "अरे, बाबा कधी सांगून जायचेच नाहीत. बोट पहाटे निघायची. मी उठून यायचे तर खुर्ची रिकामी आणि कप अजून कोमट. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं." मग तिने सांगितलं, की सासूबाई आजारी होत्या तेव्हा त्यांनी तिला सांगितलं होतं: तुम्ही बूट हातात धरून तिच्या खोलीच्या दारात उभे राहायचात, इतका वेळ, की धक्क्यावरची माणसं हाका मारायला घरापर्यंत यायची. तिने हे तुम्हाला कधी विचारलेलं नाही. विचारणारही नाही, तुमचीच मुलगी आहे. परवापर्यंत मला हे ऐकून तुमचा राग आला असता. आता येत नाही. आता मला माहीत आहे दारात उभा असलेला माणूस काय करत असतो.

ता. क. ३ : तर सिल्ये येत्या गुरुवारी येईल, चार आठवडे घरी राहील आणि पुन्हा हेलिकॉप्टरला निघेल. तुम्ही तोवर राहा. (होय, महिन्याहून जास्त होतात. मांजर घेऊन या.) ती सकाळी लवकर निघते, पण रागनाला उठवते आणि तिचा निरोप घेतल्याशिवाय जात नाही; रागनाही आईकडे बघून हात हलवते. त्या दिवशी तुम्हीही उठा आणि दारात या. सिल्येच्या डोळ्यांत बघायचं आणि 'जाऊन ये हं' म्हणायचं, एवढंच. तिला आजवर ते तुमच्याकडून ऐकायला मिळालेलं नाही. तुम्हाला सवय नाही आणि मला जमत नाही, हे मला कळतं. पण रागना आपल्या दोघांच्या मध्ये असेल. ती काय करते ते बघा आणि तसंच करा.